शांतीची उसनवारी

परगावी जाऊन लोकांस चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या, त्यांचे अन्न खावे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची वाट धरावी, हा व्यवसाय आपल्या देशास नवा नाही. पुराणिक, हरिदास, बैरागी व निवडणुकीच्या दिवसांतील वक्ते ही सर्व मंडळी त्याच पंथाची. त्यांतही हरिदास विशेष सुखी. रात्री वैराग्याचे निरूपण केल्यावर सकाळी गावकऱ्यांनी ते कितपत आचरणात आणले, याची चौकशी करण्याचे त्यास कारण पडत नाही. गेली अकरा वर्षे आम्हीही या पंथात सामील झालो आहो. फरक इतकाच की, आमच्या खांद्यावर वीणेऐवजी एक कापडी पिशवी असते, आणि ती सकाळची चौकशी मात्र आमच्या मानगुटीवर बसलेली असते.

धंद्याने आम्ही महाविद्यालयात मानसशास्त्राचे अध्यापक. सुट्ट्यांत व शनिवार-रविवारी बालगृहे, निरीक्षणगृहे आणि किशोरवयीन मुलांच्या मानसोपचाराची लहानमोठी केंद्रे येथील कर्मचाऱ्यांस प्रशिक्षण देत हिंडावयाचे, हा आमचा जोडधंदा. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचे दोन वर्ग केले आहेत. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती विधिसंघर्षग्रस्त मुले, आणि ज्यांस काळजी व संरक्षण यांची गरज आहे ती मुले. चौकशी चालू असेतोपर्यंत पहिल्यांची सोय निरीक्षणगृहात होते, दुसऱ्यांची बालगृहात. कागदावर हे दोन वर्ग अगदी निराळे आहेत. परंतु रात्री दहाच्या पुढे दोन्हीकडील मुले बरीचशी सारखीच दिसतात. एक ताट भिरकावून देतो. दुसरा भिंतीवर डोके आपटतो. एखादी मुलगी काचेच्या तुकड्याने मनगटावर रेघा ओढते. आणि एखादा तेरा वर्षांचा दांडगोबा पहाटे ओली झालेली चादर गादीखाली दडवून ठेवतो व ती कोणी पाहिली तर अंगावर धावून जातो. या सर्वांस सांभाळणाऱ्या मनुष्यास सरकारी कागदांत ‘काळजीवाहक’ असे भारदस्त नाव आहे. मुले त्यास काका म्हणतात, आणि बाई असेल तर मावशी. आमचे विद्यार्थी ते हे.

प्रशिक्षणाचा विधी ठरलेला आहे. भिंतीवर एक फलक, त्यावर आमच्या नावामागे आम्हांसही अपरिचित अशी एखादी पदवी. मग दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प आणि मुलांस फुलांची उपमा देणारे कोणा अधिकाऱ्याचे प्रास्ताविक. तो अधिकारी बहुधा चहापूर्वीच दुसऱ्या सभेस निघून जातो. पहिल्या रांगेत कचेरीतील मंडळी वह्या उघडून बसतात. शेवटच्या रांगेत, रात्रपाळी संपवून तशाच येऊन बसलेल्या दोन-तीन मावश्या असतात. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या डोळ्यांवरची झोप पदराने पुसत असतात. प्रारंभीची काही वर्षे आमचे लक्ष पहिल्या रांगेकडे असे. हल्ली आम्ही शेवटच्या रांगेकडे पाहून बोलतो.

आमच्या निरूपणाचा पूर्वरंग म्हणजे क्रोधाचा चढउतार. राग हा घाटासारखा आहे. त्यास पायथा आहे, चढण आहे, माथा आहे व उतारही आहे. पायथ्याशी असलेल्या मुलाशी बोलता येते, चढणीवर त्यास थोडके ऐकू येते, माथ्यावर काहीच ऐकू येत नाही. त्या वेळी त्याच्या शरीराने पळण्याची किंवा लढण्याची तयारी केलेली असते. विचार करणारा मेंदूचा भाग मागे पडलेला असतो. अशा मुलास उपदेश करणे म्हणजे पुरात वाहणाऱ्यास पोहण्याचे पुस्तक वाचून दाखवणे होय. तेव्हा काय करावे? त्याच्या अगदी समोर उभे राहू नये, किंचित बाजूस व हात पोचणार नाही इतक्या अंतरावर असावे. तो आणि दार यांच्यामध्ये उभे राहू नये. बघ्या मुलांस दुसऱ्या खोलीत न्यावे, कारण प्रेक्षकांपुढे माघार घेणे मोठ्या माणसांसही जड जाते. आपला आवाज त्याच्या आवाजाच्या खाली ठेवावा. वाक्ये तीन-चार शब्दांची असावी. पाणी हवे का, असे विचारावे. शिक्षेची गोष्ट तेव्हा काढू नये; ‘हे का केलेस?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते.

हे सर्व सांगून झाल्यावर आम्ही नाटक करवतो. एका काळजीवाहकाने मूल व्हावयाचे, इतरांनी त्यास आवरावयाचे. या नाट्यप्रयोगात आमच्या मंडळींस जी रंगत येते ती पाहून एखादा नट लाजावा! रोज ऐकलेल्या शिव्या ते बिनचूक म्हणतात, हशा पिकतो, झोपलेल्या मावश्याही जाग्या होतात. एकदा असाच एक आडदांड, मिशाळ गृहस्थ मूल झाला. खेळ संपल्यावर तो घाम पुसत म्हणाला, “सर, सगळे माझ्याकडं धावून आले ना, तेव्हा मला खरंच भीती वाटली.” सभागृह क्षणभर गप्प झाले. मुलाच्या रागाच्या पोटात भीती असते, हे आम्ही फळ्यावर दोनदा लिहिले होते. परंतु ते त्या मंडळींनी वाचले ते त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर.

ही विद्या आमची नव्हे. व्हिएन्ना येथील ऑगस्ट आइखहॉर्न नावाच्या शिक्षकाने पहिल्या महायुद्धानंतर ओबरहोलाब्रुन येथे वाया गेलेल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या मुलांची एक संस्था चालविली. सर्वांत मारकुट्या मुलांचा त्याने एक निराळा गट केला आणि त्यांस शिक्षा करावयाची नाही असा नियम घातला. त्या मुलांनी सामानाची मोडतोड केली, खिडक्या फोडल्या, आणि समोरचा मनुष्य तरीही मारीत नाही असे पाहून अखेरीस त्यांची उमेद खचली व ती रडू लागली. खरे काम त्यानंतर सुरू झाले. त्याचे पुस्तक १९२५ साली निघाले व त्यास खुद्द फ्रॉइडने प्रस्तावना लिहिली. आइखहॉर्नच्या सहवासात तयार झालेला फ्रिट्झ रेडल पुढे अमेरिकेत गेला व डेट्रॉइट येथे १९४६ साली त्याने अशाच मुलांचे एक छोटे घर उघडले. पैसा संपल्यामुळे ते १९४८ मध्ये बंद पडले. पण तेवढ्या काळात त्याने व डेव्हिड वाइनमन या त्याच्या सहकाऱ्याने जे टिपून ठेवले ते आजही या क्षेत्रातील क्रमिक पुस्तक आहे. रेडलचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाचे वादळ डॉक्टरच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. ते जेवणाच्या पंगतीत येते, अंथरूण घालताना येते, न्हाणीघराच्या दाराशी येते. म्हणून त्या घटकेस तेथे जो हजर असेल तोच खरा चिकित्सक होय, मग त्याच्यापाशी पदवी असो वा नसो.

आपल्याकडेही हा विषय आजचा नव्हे. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नावाची मुलांची सुधारशाळा १८५७ सालची. मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा १९२४ चा. आणि मुंबईच्या समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेत मुलांच्या मनोविकारांसाठी मार्गदर्शन केंद्र निघाले ते १९३७ साली. कायदे व इमारती यांची परंपरा आपल्यापाशी शंभर वर्षांहून अधिक आहे. रात्री दोन वाजता जागा असलेल्या मनुष्यास काय शिकवावे, याची परंपरा मात्र फार कोवळी आहे.

आणि ती कोवळी असणे धोक्याचे आहे, हे सांगावयास हवे. मूल अनावर झाले म्हणजे चार जणांनी त्यास जमिनीवर दाबून धरावे, हा उपाय जगात सर्वत्र चालत आला. अमेरिकेतील ‘हार्टफर्ड कुरंट’ या वृत्तपत्राने १९९८ साली शोध करून असे प्रसिद्ध केले की, मागील दहा वर्षांत रुग्णालयांत व निवासी संस्थांत माणसांस असे जखडून ठेवताना किंवा एकांतात कोंडताना १४२ मृत्यू घडले. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. पुढे २००० साली तेथे कायदा झाला व अशा दाबून धरण्यास मर्यादा पडल्या. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मानसोपचाराच्या संस्थांपुरते स्पष्ट सांगितले आहे की, एकांतात कोंडणे सर्वथा वर्ज्य, साखळदंड वर्ज्य, आणि शारीरिक बंधन घालावयाचे ते तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने व तेवढ्याच वेळेपुरते. पालथे घालून पाठीवर वजन दिल्यास श्वास कोंडतो, आणि ‘मला श्वास घेता येत नाही’ हे मुलाचे ओरडणे सोंग समजले जाते. एवढे एक वाक्य जरी प्रत्येक काळजीवाहकाच्या मनात रुतून बसले, तरी आमचा प्रवासखर्च वसूल झाला असे आम्ही समजतो.

येथवर पूर्वरंग झाला. उत्तररंग आम्हांस एका मावशींनी शिकविला.

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ‘काही शंका?’ असे नेहमीप्रमाणे विचारले. हा प्रश्न विचारल्यावर सभा नेहमी घड्याळाकडे पाहते. परंतु शेवटच्या रांगेतून पन्नाशीच्या एक बाई उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगता ते सगळं पटतंय. आवाज खाली ठेवायचा, लांब उभं राहायचं, बाकीच्या पोरींना दुसऱ्या खोलीत न्यायचं. पण मी रात्री एकटी असते. चाळीस पोरी. एकीनं हात कापून घेतला तर मी तिच्याजवळ बसू, का बाकीच्यांना घेऊन जाऊ? आणि आदल्या रात्रीचीपण ड्युटी माझीच असली, तर आवाज खाली ठेवायला तो अंगात कुठून आणू?”

प्रश्नात तक्रारीचा सूर नव्हता. भाजीवाल्याला भाव विचारावा तितक्या सहजपणे तो विचारला गेला होता. आम्ही त्यांस प्रतिप्रश्न केला, “मावशी, हा ड्युटीचा तक्ता कोण करतं?” त्या म्हणाल्या, “ते ऑफिसात होतं.”

त्या दिवसापासून आमच्या निरूपणाची मांडणी बदलली. लहान मूल शांत होते ते कसे, याविषयी मानसशास्त्राचे एक साधे सांगणे आहे. तान्हे बाळ स्वतः होऊन शांत होत नाही. आईच्या छातीशी लागून, तिच्या श्वासाच्या संथ लयीवर ते शांत होते. असे हजारो वेळा घडल्यावर ती लय त्याच्या अंगी मुरते व पुढे एकट्यानेही स्वतःस आवरणे त्यास साधते. आमच्या संस्थांतील पुष्कळ मुलांस ही लय पुरेशी मिळालेलीच नसते. म्हणून चौदा वर्षांचा मुलगाही रागाच्या माथ्यावर असताना समोरच्या मोठ्या माणसाकडून शांती उसनी घेतो. आता उसनवारीचा नियम प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शेजारीण वाटीभर साखर मागावयास आली, पण आपल्याच डब्यात साखर नसेल, तर मायेचे शब्द कितीही असोत, वाटी रिकामीच परत जाते. काळजीवाहकाच्या डब्यात शांती येते कोठून? झोपेतून, वेळेवर मिळालेल्या पगारातून, ‘तू जा, मी पाहतो’ असे म्हणणाऱ्या जोडीदाराकडून, आणि आपली बाजू ऐकून घेणाऱ्या वरिष्ठाकडून. यांपैकी एकही वस्तू आमच्या पिशवीत नसते. ती कचेरीतील त्या तक्त्यात असते.

सबब, हल्ली आम्ही बोलावणे आले की उलट पत्र धाडतो. प्रशिक्षणापूर्वी मागील तीन महिन्यांचा पाळ्यांचा तक्ता आणि घटनांची नोंदवही पाहावयास मिळावी, आणि पहिला तास केवळ अधीक्षक व कचेरीतील मंडळी यांच्यासाठी असावा, अशी आमची अट असते. ती वाचून काही ठिकाणांहून दुसरे पत्रच येत नाही. जेथून येते, तेथे तक्ता व नोंदवही शेजारी शेजारी ठेवून आम्ही त्यांवर बोट फिरवितो. मग बहुधा असे दिसते की, जखमा, पळापळी व मारामाऱ्या महिन्यात सारख्या पसरलेल्या नसतात. एकट्या माणसाच्या रात्री, सलग दुसरी पाळी करणाऱ्याच्या रात्री, आणि पाळी बदलण्याच्या त्या अर्ध्या तासात, जेव्हा गेलेला गेलेला असतो व येणारा अजून आलेला नसतो, तेथे त्यांची गर्दी होते. हे पाहण्यास मानसशास्त्र लागत नाही. दोन वह्या एका टेबलावर ठेवाव्या लागतात.

मग आम्ही चार गोष्टी सुचवितो. रात्री दोन माणसे असावी. ज्याचा तोल जाऊ लागला आहे असे वाटेल त्यास जोडीदाराने ठरलेल्या खुणेने बाजूस घ्यावे, आणि त्यात कोणास कमीपणा वाटू नये. पाळी बदलताना दहा मिनिटे दोघांनी एकत्र बसून कोणाची भेट आज हुकली, कोणाची न्यायमंडळापुढे तारीख आहे, कोण जेवले नाही, एवढे सांगून जावे. आणि घटना घडून गेल्यावर कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी, त्या माणसाजवळ बसून ‘तुला लागले तर नाही ना?’ असे विचारावे. या चारांतील पहिलीस पैसा लागतो. उरलेल्या तिन्हींस लागत नाही. नवल असे की, पुष्कळदा पैशाच्या सबबीवर चारही अडून राहतात.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. एका संस्थेत एका काळजीवाहकाने एका मुलाच्या थोबाडीत मारली. बालन्याय कायद्याच्या ८२ व्या कलमान्वये संस्थेत मुलास शारीरिक शिक्षा करणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस दहा हजार रुपये दंड, पुढे प्रत्येक वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही, आणि शिवाय नोकरीवर गदा. कलम योग्य आहे. मुलाच्या गालाची किंमत काळजीवाहकाच्या थकव्यात मोजता येणार नाही, आणि तो मुलगाही कोणाच्या थकव्याचा हिशेब ऐकून घेण्यास बांधलेला नाही. तो कंत्राटी नोकर दुसऱ्याच दिवशी घरी गेला. कचेरीने मोठी तत्परता दाखविली असे सर्वांनी म्हटले. पण त्या माणसास त्या आठवड्यात सलग तिसऱ्या रात्री एकट्याने उभे केलेला तक्ता भिंतीवर तसाच टांगलेला होता. फक्त त्याच्या नावावर काट मारून दुसरे नाव लिहिले होते. गुन्हा करणाऱ्या हातास कायदा पकडतो, ते बरोबरच आहे. परंतु तो हात जेथवर ढकलत नेला, त्या सर्व टेबलांवरून प्रश्न विचारीत जाणारा कोणी नसेल, तर नव्या नावावरही तशीच काट बसावयास किती दिवस लागणार?

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ओळखावे? शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे कागद भरून घेतात. त्यांत आम्ही नेहमीच ‘उत्तम’ असतो. चहा व जेवणही ‘उत्तम’ असते. तेव्हा त्या कागदांवर आमचा भरवसा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेथे जाण्याची सोय झाली तर आम्ही सभागृहात न जाता आधी आवारात थोडे रेंगाळतो. काळजीवाहक जवळून जाताना मूल खांदे आखडून घेते की नाही, हे पाहतो. मराठवाड्यातील त्याच संस्थेत, रात्रपाळीवर दुसरे माणूस नेमले गेल्यानंतर, आम्ही संध्याकाळी गेलो असता ओसरीच्या टोकाशी एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली. काहीतरी बिनसले होते खास. तिच्यापासून दोन-अडीच हातांवर त्याच मावशी सुपात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. पाचेक मिनिटांनी त्यांनी सूप थोडे तिच्या बाजूस सरकविले. आणखी काही वेळाने त्या मुलीचा एक हात सुपात आला व खडे वेचू लागला. आम्ही फळ्यावर जे काही लिहितो त्यात हे सूप नव्हते. ते बाईंचे स्वतःचे होते. पण त्या वेळी आतल्या खोलीतील मुलींकडे पाहावयास दुसरी बाई होती, म्हणूनच त्यांस सूप घेऊन बसता आले, हेही तितकेच खरे.

असो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण अशा संस्थांस दान करीत असतील. मुलांचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, नव्या घराची वास्तुशांत अशा निमित्ताने मुलांस गोडाचे जेवण घालण्याची आपल्याकडे चांगली चाल पडली आहे, आणि जिलबी कोणास नको असते? ती चाल मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुढल्या खेपेस जिलबीची टोपली आत पाठविण्यापूर्वी वाचकांनी अधीक्षकांस नम्रपणे एक प्रश्न विचारावा: “आज रात्री येथे जागे कोण असणार, आणि काल रात्री ते झोपले होते का?” उत्तर देताना अधीक्षक थोडे अडखळले, तर तेथेच एका रात्रीच्या दुसऱ्या माणसाचा पगार आपणांस देता येईल का, हेही विचारून पाहावे. जिलबी त्या संध्याकाळपुरती असते. मुलास शांतीची उसनवारी लागते ती त्यानंतर, दिवे मालविल्यावर.